वयनी, सगळं घेतलं म्हणाली होतीस

वयनी, मी टॅब उघडला. पौष लागायच्या आधीच उघडला. तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पण तुला काय आवडेल आणि काय नाही याची काळजी मी जन्मभर केली, आता नाही करायची. तू होतीस तेव्हा दोन शब्दांत मला गप्प करायचीस. आज माझं ऐक. उठून जायची सोय तुला आता नाही.

तुझ्या बाराव्याच्या दिवशीची गोष्ट. जेवणं झाली, पुरुष मंडळी पुढच्या सोप्यावर सुपारी कातरत बसली आणि वाड्यातल्या बायका मागच्या पडवीत भांडी घासायला राहिल्या. खालच्या घरची सून रेश्मा म्हणाली, "काकी, वयनीकाकींचो आवाज तुमच्या टॅबात आसा मगे? एक गाणां लावा. आयकाशा वाटता."

सगळ्यांचे हात थांबले. मी आधी नको म्हटलं. धालोंची गाणी पौषाबाहेर म्हणायची नाहीत, वाजवायची तर मुळीच नाहीत, हा तुझा नियम. मग वाटलं, नियम घालणारीच गेली, आता रागावायला कोण येतंय? आणि खरं सांगू, मलाच तुझा आवाज ऐकायचा होता. तू गेल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिज घरघरला तरी मला कुणी बोलल्यासारखं वाटायचं.

हात पुसले, टॅब आणला. तू त्याला पाटी म्हणायचीस, म्हणून मीही पाटीच म्हणते. पाटी उघडली. आपल्या महेशचे फोटो होते. चतुर्थीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीचे फोटो होते, त्या वर्षी तुला रानातून कुणी वागाट्याची फळं आणून दिली होती ती लटकलेली दिसत होती. खतखत्याचा व्हिडिओ होता, त्यात तू मला भाजी जाड चिरतेस म्हणून ओरडतेस तेसुद्धा होतं. तुझा तो फळं फोडायचा खेळ होता, आणि तू जिथवर पोचली होतीस तिथवरच होता, एक पायरी खाली नाही.

गाणी नव्हती.

मी इकडे दाबते, तिकडे दाबते. बायका माझ्या बोटाकडे बघतायत. शेवटी रेश्मानं पाटी हातात घेऊन शोधलं आणि हळूच म्हणाली, "काकी, हांगा कायच नाय." मग एक म्हणाली, रिसेट मारलं की जातं असं कधी कधी. दुसरी म्हणाली, माझ्या भावाच्या फोनचं असंच झालं. मशीनच्या माथ्यावर खापर फोडून सगळ्या आपापल्या घरी गेल्या. मीही मशीनलाच शिव्या दिल्या, वयनी. तुझ्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. एका चुलीवर म्हाताऱ्या झालो आपण. कोणाच्या मनात येईल?

हे जे वाचतील त्यांना तू कोण ते कळायला हवं, म्हणून थोडं सांगते. मी लग्न होऊन पेडण्यात आले तेव्हा तू या घरात होतीसच, माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. तुझं माहेर सुर्ल्याचं. तुला मूल झालं नाही आणि माझ्या महेशला तू मोठी आई झालीस. शाळेत तू गेली नव्हतीस, मी चौथीपर्यंत गेले होते. पुढचं वाचायला मी दुकानातून आलेल्या पुड्यांच्या कागदांवर शिकले, आणि ते कागद तू माझ्यासाठी सरळ करून चुलीमागे ठेवायचीस. हे मी विसरलेले नाही. आजच्या दिवशीही विसरलेले नाही.

भावजी गेले तेव्हा तुझे केस अजून काळे होते. मग लग्नाच्या हळदीला तुला मागं बसवायला लागले. ओटी भरायची वेळ आली की तू आपणहून आत जायचीस, कुणाला सांगायची पाळी येऊ द्यायची नाहीस. मांडावर मात्र तसं नव्हतं. पौषातल्या चांदण्यात आपल्या वाड्यातल्या बायका मांडाच्या अंगणात जमतात, दोन पांती समोरासमोर करतात, एकमेकींच्या कमरेत हात गुंफतात आणि वाकत वाकत पुढे जातात, मागे येतात. तेच धालो. तिथं सवाष्ण कोण आणि विधवा कोण, कोणी विचारत नाही. पुरुषानं मांडावर पाय ठेवायचा नाही. पुढच्या पांतीच्या मधोमध तू, आणि गाणं काढायचीस तू. पुढची पांत विचारते, समोरची पांत उत्तर देते. समोरच्या पांतीत मी. इतकी वर्षं तू विचारत गेलीस, मी उत्तर देत गेले. दुसऱ्या दिवशी न्हाणीत पाणी तापवताना तू म्हणायचीस, "काल तुझां उत्तर उशिरां आयलां गो शालन. झोंप लागलेली काय?"

ती गाणी पाटीत घालायची कल्पना माझी. महेशनं पुण्याहून ती पाटी पाठवली होती, व्हिडिओवर आम्ही दिसावं म्हणून. मी म्हटलं, वयनी, तुझ्यानंतर ही गाणी कोणाला येतात? तू आधी आठ दिवस तोंड फुगवून बसलीस. मग एका पौषात, मांड सुरू होता तेव्हाच, भर दुपारी दार-जनेल लावून घेतलंस आणि म्हणालीस, "घाल तुझ्या पाटयेत. पण पुरुषाच्या कानार जाता नये."

मी हसले. म्हटलं, "अगो, मांडावरचं सगळं गाणं पुरुष घरात अंथरुणावर पडून ऐकतातच की."

"भिंतीपलीकडून आयकणां वेगळां, हातात घेवन आयकणां वेगळां," तू म्हणालीस.

मी पाटी तुझ्यापुढं ठेवली. दुपारमागून दुपार तू गायलीस. मधेच मोप्याच्या विमानतळावर उतरणारं विमान कौलांवरून गेलं की तू थांबायचीस, वर बघून "वच बाबा, वच" म्हणायचीस आणि तिथूनच पुढचं उचलायचीस. तेही पाटीत भरलं होतं. महेश म्हणाला, आई, मला पाठव, मी वर कुठंतरी नीट साठवून ठेवतो, टॅब बिघडला तरी राहील. मी त्याला सांगितलं, नाही रे बाबा, तू पुरुष. तो हसून लोळला. पण तुझा शब्द म्हणून मी पोटच्या पोराला ती गाणी दिली नाहीत. साऱ्या जगात ती एका पाटीत होती, आणि पाटी आपल्या देवघराच्या फळीवर. तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून.

मग पाटी बिघडायला लागली. शिमगा झाला असेल. बोट लावलं की थिजायची, मनात आलं की बंद व्हायची, तापायची तर अशी की तू म्हणालीस हिच्यावर पोळ्या भाजता येतील. महेशनं फोनवर सांगितलं, "आई, जागा भरलीय आणि आत काहीतरी गोंधळ झालाय. बॅकअप घ्यायचा आणि रिसेट मारायचा. दुसरा उपाय नाही." मला कळेना. त्यानं समजावलं, चतुर्थीच्या आधी आपण कसं करतो, घरातलं सगळं सामान अंगणात काढतो, भिंती रंगवतो, जमीन धुतो, आणि मग सामान परत आत लावतो, तसंच. बाहेर काढणं म्हणजे बॅकअप, धुणं म्हणजे रिसेट.

तू नारळ खवत होतीस. खवता खवता विचारलंस, "महेश, मगे जां भायर काडूंक नाय तां?"

"ते गेलं, मोठ्या आई. ते परत मिळत नाही."

"अस्सां," तू म्हणालीस.

मला वाटलं, बघा, माझी न शिकलेली जाऊ किती काळजीनं विचारते. मला तुझा अभिमान वाटला गो! तेव्हा अभिमान वाटला, याचाच आता सगळ्यात जास्त राग येतो.

पेडण्यात मोबाईलची दुकानं काय कमी आहेत? पण सगळीकडे पुरुष. गाणी त्यांच्या हातात द्यायची नाहीत, म्हणून प्रश्न पडला. तूच म्हणालीस, साखळी गावात दीपाली म्हणून एक बाई दुकान चालवते, बेळगावकडची, नवरा सुर्ल्याच्या खनिजाच्या ट्रकांवर होता तेव्हापासून तुझ्या माहेरच्यांच्या ओळखीची. माहेरी जाते तशी पाटी घेऊन जाते. मी म्हटलं, मी येते. तू म्हणालीस, "तू कित्याक? घरात कोण?" मी घरात राहिले.

परत आलीस ती पदराखाली पाटी धरून, तान्हं मूल आणावं तशी. मी पाण्याचा तांब्या दिला आणि पहिलं हेच विचारलं, गाणी?

"सगळां घेतलां गो. आता नव्यासारखी चलता."

मी हात पुढे केला, तर म्हणालीस, "आता चैत्रात उगडून बसतलंस? पौषात आयक."

मी हात मागे घेतला. आपल्यासारख्या बायकाच असं करू जाणोत. दुसरी कोणी असती तर तिथल्या तिथे उघडून बघितलं असतं, काय आलं, काय राहिलं. मी नाही बघितलं, कारण पौष नव्हता. हे तुला पक्कं ठाऊक होतं. मी तुझा नियम मोडणार नाही, या माझ्या भरवशावरच तू उभी राहून खोटं बोललीस. माझ्या चांगुलपणाचा असा उपयोग माझ्या सासूनंही केला नव्हता, आणि सासू काय चीज होती ते तुला सांगायला नको.

बारावं झाल्यावर मी साखळीला गेले. म्हापशाला बस बदलली, सगळ्या वाटेत एकच विचार, दीपालीकडे कुठंतरी एखादी प्रत राहिली असेल. दुकानात शिरले, कोण कुठची ते सांगितलं. तू गेल्याचं कळल्यावर तिनं बसायला कदेल पुढे सरकवलं, पंखा माझ्याकडे वळवला. मी गाण्यांचं विचारलं तशी ती खाली बघायला लागली.

"मावशी, रागावू नका. मी विचारले की ओ त्यांना. ही गाणी ठेवू न्हवं, म्हणून. त्या म्हणाल्या, ती सोडून बाकीचं सगळं घे."

"तुला नीट कळलं नसेल," मी म्हटलं. "तिची बोली वेगळी."

"बोली वेगळी हाय खरं, पण मी बोटानं दाखवून विचारले. म्हटलं, आजी, एकदा धुऊन गेलं की परत मागायला आलासा तर मी कुठनं आणू? तर म्हणाल्या, परत मागणारी मी न्हय."

तिनंच पुढं सांगितलं. तू कानाला लावायचं मागून घेतलंस. तिथं कोपऱ्यात बसून एकेक गाणं ऐकलंस. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, तू डोळे मिटून बसलेली. ऐकून झाल्यावर कानातलं काढून तिच्या हातात दिलंस आणि म्हणालीस, मी मेल्यावर ही पाटी गायली असती तर ठेवली असती. ही मी जिवंत असतानाच गायला लागली.

"रडली काय गो ती?" मी विचारलं.

"न्हाई ओ. चहा मागितला. साखर जास्त घाल म्हणाल्या."

डॉक्टरनं साखर बंद केली होती तुझी! घरात मी डबा लपवून ठेवत होते. त्या एका दुपारी तू मला किती बाजूंनी फसवलंस गो वयनी.

परतीच्या बसमध्ये मला गेल्या पौषातली ती गोष्ट आठवली. तुझा घसा बसला होता. रेश्मा आणि बाकीच्या सुनांनी पाटी आणि एक छोटा स्पीकर मांडावर आणला. "वयनीकाकी, तुमी आज आराम करा. आमी हां लावतो." त्यांनी वाईट मनानं आणलं नव्हतं. लावलं. तुझाच आवाज, घसा चांगला असतानाचा, मोठा करून. पोरींची पावलं छान पडायला लागली, ओठ मात्र मिटलेले, गायची गरजच नव्हती. पांतीच्या मधोमध तू होतीस. दोन्हीकडून कमरेला हात, त्यामुळे तुला निघताही आलं नसतं. तू वाकलीस, पुढे आलीस, मागे गेलीस, आणि तुझा आवाज डब्यातून येत होता. समोरून मी उत्तर दिलं. का नाही देणार? आवाज तुझाच होता ना!

दुसऱ्या दिवशी न्हाणीत पाणी तापवताना तू म्हणालीस, "काल बरो वाजलो तुझो डबो." मी हसले. मला वाटलं थट्टा आहे.

म्हणजे ते तुला लागलं होतं. मान्य. इतकं लागलं होतं की जगात जी एक जागा कोणी तुझ्याकडून घेतली नव्हती, ती पाटीनं घेतली असं तुला वाटलं. तेही मला कळतं, मी दगड नाही. पण मग भांडायचं होतंस! भांडणाची तुला काय वानवा? बांगड्याच्या कालवणात तिरफळं किती घालायची यावरून तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस. पाववाल्या पोदेराकडून उंडे घ्यायचे की पोळ्या, यावर सकाळी सकाळी दारात उभ्या राहून आपण भांडलो आणि तो बिचारा सायकल धरून वाट बघत राहिला. फडक्याच्या रंगावरून भांडलीस. आणि याच्यावर नाही? याच्यावर म्हणालीस, सगळं घेतलं?

मी म्हटलं असतं, वयनी, स्पीकर परत मांडावर येणार नाही. म्हटलंच असतं. रेश्माला मी दोन शब्द सुनावले असते. गाणी मात्र मी पुसू दिली नसती, भांडले असते, पाया पडले असते. हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू मला विचारलं नाहीस.

तरी हेही मी एखाद्या दिवशी गिळलं असतं. आषाढातलं मात्र गिळता येत नाही. सांगू? बाहेर पाऊस, तू वाती वळत होतीस. मी म्हटलं, "वयनी, मला जरा विचारायचे भाग शिकव गो. उत्तरं मला येतात, पण पुढचं तू काढतेस म्हणून मी कधी पाठच केलं नाही." पौष नव्हता, म्हणून गाऊ नकोस, नुसते शब्द सांग, असंही म्हटलं. तू वात वळून खाली ठेवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पाटयेत आसत मगे. तुका काय करूंक जाय?"

पाटीत नव्हते, वयनी. पाटीत नव्हते हे या घरात फक्त तुला ठाऊक होतं. त्या दिवशी तू मला नुसतं फसवलं नाहीस, वेडावून दाखवलंस. त्यानंतरही मी रोज ती पाटी पुसत होते, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळत होते, देवाला फूल वाहिलं की एक तिच्यावर ठेवत होते. तू बघत होतीस. एकदा तर मी मोठ्या मनानं म्हटलं, बरं झालं, आता म्हाताऱ्या डोक्याला ओझं नाही, सगळं आत आहे. तुझी खवणी थांबली होती क्षणभर. मग परत चालू झाली.

कधी वाटतं, तू वाट बघत असशील. मी परत एकदा विचारावं, हट्ट करावा, पाटी बाजूला ठेवून तुझ्यापुढं बसावं, मग तू म्हटलं असतंस, ये, बस, शिक. कदाचित तुला तेवढंच हवं होतं. पण मी मनकवडी नाही, आणि तू तर कार्तिकात दुपारची आडवी झालीस ती चहाला उठलीच नाहीस. मी दोन कप ओतले होते. तुझ्या कपावर बशी झाकून ठेवली, पडू दे म्हटलं अजून थोडी.

रडले मी. खोटं कशाला सांगू? पण साखळीहून आल्यापासून रडायला गेले की राग येतो, आणि रागावायला गेले की तुझी रिकामी खाट दिसते. धड एकही होत नाही. तेवढंसुद्धा सुख ठेवलं नाहीस.

परवा रेश्मा आणि दोघी तिघी आल्या. पौष तोंडावर आला, आणि आपल्या वाड्यात मांडाला बाराव्यापलीकडे सुतक नाही. मांड बंद ठेवायचा नसतो. रेश्मानं विचारलं, "काकी, फुडल्या पांतीत कोण?" त्यांना मी साखळीचं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नव्हते, पण हे लिहिलं म्हणजे कळेलच. कळू दे. तुझी लाज मी किती दिवस झाकू?

"काकी, तुमकां आठवता तां म्हणा," रेश्मा म्हणाली. "आमी रेकॉर्ड करतो."

पडवीत बसले. दिवसाढवळ्या, मार्गशीर्षात. सुरुवात केली आणि तोंडातून काय आलं, तर "तिणें गो दिली रुप्याची वाटी."

"कोणें दिली?" रेश्मानं विचारलं.

"ठाऊक नाही."

"कोणाक दिली?"

"ते तुझी वयनीकाकी विचारायची."

एक पोरगी फस्सकन हसली. मग मीही हसले. दुसरं काढलं, "न्हय गो बाये, तो वारो न्हय." वारा नाही, मग कोण? कोणाच्या चाहुलीला तू वारा म्हणत होतीस? इतकी वर्षं मी छातीवर हात मारून सांगत आले की तो वारा नव्हे, आणि तू काय विचारलं होतंस तेच मला आठवत नाही. चाल आठवते. तुझं तोंड कसं उघडायचं ते आठवतं. शब्द नाहीत. माझ्याकडे नुसती उत्तरं उरली आहेत, आणि पोरी माझ्या तोंडाकडे बघतायत.

रेश्मा म्हणाली, "मगे ऱ्हांव दे, काकी?"

"का राहू दे?" मी म्हटलं. "दाब ते बटन."

आणि गायले. जेवढं येतं तेवढं गायले. विचारायचा भाग आला की थांबायची, तुला जेवढा वेळ लागायचा तेवढा थांबायची, आणि मग उत्तर द्यायची. उशीर नाही केला एकदाही. विचार कोणालाही.

दुपारी महेशला पाठवलं सगळं. त्यालाच सांगितलं, वर ठेव, खाली ठेव, जिथं जिथं ठेवता येईल तिथं ठेव. तो बिचकला. "आई, पुरुषांनी ऐकायचं नाही ना?"

"मोडला तो नियम," मी म्हटलं. "तिनं आपला शब्द आधी मोडला, मी माझा आता मोडला."

त्याला काय कळलं देव जाणे. संध्याकाळी फोन आला. सगळं ऐकलं म्हणाला, आवाज छान आलाय, पण मधे मधे काहीच ऐकू येत नाही, बराच वेळ नुसती शांतता. "आई, टॅब परत बिघडलाय वाटतं. रिसेट मारून बघतेस का एकदा?"

"बिघडलेला नाही रे," मी म्हटलं. "तिथं तुझी मोठी आई आहे. गप्प बसलीय."